टीव्हीचे पोर्ट बघू नका म्हणणाऱ्या त्या मेसेजचं काय चुकतंय

ठाणे, नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. स्वस्तातला स्मार्ट टीव्ही घेताना मागचे पोर्ट बघत बसू नका, आता सगळं वायफायवर चालतं, एचडीएमआय एक असला तरी बास, हार्डडिस्क कुठल्याही यूएसबीत चालते, बाकीची भोकं जुन्या जमान्यातली. लोक हे वाचून खरंच खरेदी करतायत म्हणून एकेक मुद्दा घेते.

सगळं वायफायवर चालतं हे सगळ्यात फसवं. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या कुठल्याही टॉवरमध्ये मोबाइलवर वायफायची लिस्ट उघडा, आजूबाजूच्या घरांची नावं संपता संपत नाहीत. स्वस्त टीव्हीत बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय असतं आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल मोजून तीन, १, ६ आणि ११, मग रात्री जेवणाच्या वेळी सगळ्या घरात एकदम टीव्ही लागले की स्क्रीनवर ते चक्र फिरत बसतं आणि शिव्या खातो इंटरनेटवाला. मागे लॅन पोर्ट असेल तर राउटरपासून वायर ओढा, प्रश्न मिटला. ते पोर्ट बहुतेकदा १०० एमबीपीएसचंच असतं पण ४के स्ट्रीमला १५ ते २५ लागतात, म्हणजे पुरून उरतं.

एक एचडीएमआय तर अजिबात पुरत नाही. एकात सेट टॉप बॉक्स गेला की संपलं. आणि स्वस्त टीव्हीत आधी काय थकतं तर त्याचा स्मार्ट भाग, रॅम १ जीबीच्या आसपास, अ‍ॅप दर अपडेटला जड होत जातात, काही तर चालायचेच बंद होतात, पण पॅनल मात्र ठणठणीत असतं. अशा वेळी मागे एक पोर्ट मोकळं असेल तर स्ट्रीमिंग स्टिक लावून तोच टीव्ही अजून काही वर्षं आरामात चालतो, नसेल तर चांगला टीव्ही भंगारात. साउंडबार एचडीएमआयने जोडायचा असेल तर तो एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर साउंडबारकडे पाठवणारं) लिहिलेल्याच पोर्टात लागतो, म्हणजे तिसरं आलं. मी तर तीनच बघा म्हणेन, दोनच्या खाली नकोच. ४के टीव्ही असेल तर एचडीएमआय २.० आहे ना विचारा, १.४ वर ४के सेकंदाला ३० फ्रेमच्या पुढे जात नाही. ३२ इंची एचडी रेडीला मात्र याचा काही फरक पडत नाही, त्यासाठी कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

हार्डडिस्कचं म्हणाल तर साधं यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपियर देतं, बऱ्याच पोर्टेबल डिस्कना सुरू होतानाच त्याहून जास्त लागतं, मग नुसतं टिक टिक टिक ऐकू येतं आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यात बसतच नाही. चित्र दिसतंय पण आवाज नाही असं झालं तर बहुतेक वेळा फाइलचा ऑडिओ डीटीएस प्रकारचा असतो आणि टीव्हीला तो झेपत नाही.

जुन्या भोकांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. केबल २०१२-१३ मध्येच बॉक्सवर गेली, दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटरही जवळपास सगळे बंद झाले, त्यामुळे अँटेनाचं भोक बहुतेकांना लागत नाही. पण एव्ही लागतं, घरात जुना डीव्हीडी प्लेयर किंवा फ्री डिशचा साधा बॉक्स असेल तर तो तिथेच जाणार. हल्ली पिवळा-लाल-पांढरा अशी तीन भोकं न देता हेडफोनसारखं एकच देतात आणि टीव्हीच्या खोक्यात छोटी वायर येते, ती टाकू नका! बाजारातल्या दुसऱ्या वायरचं आतलं कनेक्शन वेगळं असू शकतं. चित्रच येत नसेल तर प्लेयरकडची पिवळी पिन लालमध्ये लावून बघा, कधी कधी तेवढ्यानेच चालू होतं.

आणि दुकानात टीव्ही फिरवून मागून बघाच. पोर्ट सरळ भिंतीकडे तोंड करून असतील तर भिंतीला चिकटवल्यावर एचडीएमआयची वायर वळायला जागाच राहत नाही आणि पोर्टवर ताण येतो, बाजूला किंवा खाली तोंड असलेले घ्या, नाहीतर फिटिंगवाला यायच्या आधी काटकोनी कनेक्टर आणून ठेवा.