मार रोहास, मी आणि ‘भाट’ हा शब्द

‘जागरूक नाशिककर’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांनी फिलिपिन्सचे राजकारणी मार रोहास यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली परवा मध्यरात्री भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. ती न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. २००९ साली रोहासनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी सोडली तो त्याग नव्हता, ‘सर्व्हे बघून केलेला हिशेब’ होता. त्यांची कारकीर्द राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेल्या आजोबांचं नाव, आईकडचा पैसा आणि वारलेल्या भावाची जागा यांवर उभी आहे. सिनेटच्या मतपत्रिकेवर एका मतदाराला बारा नावं निवडता येतात, तिथे पहिलं येणं वेगळं आणि एका खुर्चीची लढत वेगळी. ताक्लोबानचं प्रकरण मी लपवलं. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या मतांचा आकडा चुकवला. आणि शेवटी, मी ‘श्रीमंतांचा भाट’ असून ‘चार वर्षं मॅनिलात एसीत बसून देश कळल्याचा’ आव आणतो.

महोदय, आधी आकडा. ‘सुमारे दहा लाखांनी हरले’ असं मी लिहिलं होतं, ते चूक. २०१० मध्ये जेजोमार बिनाय यांना १,४६,४५,५७४ मतं पडली आणि रोहासना १,३९,१८,४९०. फरक ७,२७,०८४. आठवणीवर लिहिलं, गफलत झाली. मान्य. चूक दाखवली की मी ती मान्य करतो, एवढं जाता जाता नोंदवून ठेवा. आणि आकड्यांबद्दल इतके काटेकोर असलेल्या माणसाने प्रतिक्रियेत सात वेळा ‘रॉक्सस’ लिहावं याची गंमत वाटली. स्पॅनिश वळणाचं नाव आहे ते, ‘रोहास’ म्हणतात. तिथल्या रिक्षावाल्यालाही हे माहीत असतं.

आता एसी. २००८ ते २०१२ मी मॅनिलातल्या ऑर्तिगास भागात एका कॉल सेंटरात रात्रपाळी केली. एसी होता, खरंय. तो यंत्रांसाठी होता, आम्ही स्वेटर घालून बसायचो. सकाळी सहाला सुटलो की एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, उभं राहून कुबाओला यायचं, कारण खोली तिथे होती. घरमालकीण कापिझ प्रांतातली, म्हणजे रोहासांच्याच गावाकडची. गल्लीत मला नावाने कुणी हाक मारली नाही. तिथे आपण सगळे ‘बुंबाय’. हा शब्द आपल्या मुंबईवरूनच गेलेला, पण त्याचा अर्थ होतो मोटरसायकलवरून वसुलीला येणारा सावकार. ‘फाइव्ह-सिक्स’ म्हणतात त्या धंद्याला, पाच घ्या, सहा फेडा. हा व्यवसाय बहुतेक पंजाबी मंडळींचा, पण पोरांना भीती घालायला कुठलाही बुंबाय चालतो. मी रस्त्यातून गेलो की शेजारची बाई पोराला माझ्याकडे बोट दाखवून जेवू घालायची. तर मी तो देश असा पाहिला आहे.

आणि कुबाओ म्हणजे कुठे? रोहासांच्या आजोळच्या जमिनीवर. आईचे वडील जे. अमादो अरानेता यांनी तिथे १९६० साली प्रचंड घुमटाचं कोलिझियम बांधलं. मुहम्मद अली आणि फ्रेझरची १९७५ची ‘थ्रिला’ ही मुष्टियुद्धाची लढत तिथेच झाली. आजूबाजूचे मॉल, थिएटरं, बसस्थानक असा सगळा पसारा त्या घराण्याचा. स्टेशनच्या नावातसुद्धा अरानेता आहे. रोज सकाळी त्यांच्या नावावर उतरणाऱ्या माणसाला ‘रोहास श्रीमंत होते हे तुम्हाला माहीत नसावं’ असं तुम्ही सुनावता! माझी घरमालकीण ज्या फार्मर्स मार्केटमधून बांगुस मासे आणायची, ती मंडईही अरानेतांचीच. व्यापारमंत्री असताना रोहासना ‘मिस्टर पालेंगके’ हे नाव मिळालं. पालेंगके म्हणजे मंडई. मंडईचा मालकच मंडईवाला म्हणून मतं मागतोय, हा विनोद मीच मूळ लेखात केला होता. भाट असं लिहितो का? तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

आता तुमचं ते वाक्य. ‘त्यागबिग काही नाही, सर्व्हे बघून केलेला हिशेब.’ अशी वाक्यं लिहायला अर्धा मिनिट लागतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१ ऑगस्ट २००९ला माजी राष्ट्राध्यक्ष कोरी आकिनो गेल्या. ५ तारखेला अंत्ययात्रा निघाली, ती दफनभूमीला पोचायला आठ तास लागले. मी रात्रपाळीहून सुटून गर्दीत अडकलो होतो. पाऊस, पिवळे झेंडे, पिवळ्या फिती, आणि एरवी रांगेत धक्के मारणारी माणसं भिजत गप्प उभी. त्या दिवसापर्यंत कोरींचा मुलगा नोयनोय हा सिनेटमधला एक मितभाषी सदस्य होता, राष्ट्राध्यक्ष होईल असं माझ्या ऑफिसात कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. महिनाभरात वारं फिरलं. लिबरल पक्षाचे अध्यक्ष आणि ठरलेले उमेदवार रोहास होते. १ सप्टेंबरला त्यांनी क्लब फिलिपिनोमध्ये उभं राहून नोयनोयसाठी बाजूला होत असल्याचं जाहीर केलं.

सर्व्हेत ते मागे होते का? होते. पण सर्व्हेत मागे असलेला माणूस आपोआप बाजूला होतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाचे नऊ उमेदवार शेवटपर्यंत मैदानात होते. त्यातल्या काहींना मतं पाहिल्यावरही आपण हरलो हे पटलं नसेल. बरं, हिशेब म्हणता तर हिशेबाने काय मिळालं ते तरी बघा. नोयनोय जिंकले. रोहास उपराष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि पडले, कारण तिथे ही दोन्ही पदं वेगवेगळी निवडतात. लोकांनी वरती आकिनो आणि खाली, विरोधी जोडीतले, माजी राष्ट्राध्यक्ष एस्त्रादांचे साथीदार बिनाय निवडले. सहा वर्षं वाट पाहून २०१५च्या जुलैअखेर त्याच क्लब फिलिपिनोमध्ये नोयनोय आकिनोंनी राष्ट्राध्यक्षपदासाठी रोहासांचं नाव पुढे केलं. २०१६ला प्रतिस्पर्धी दुतेर्तेंना १ कोटी ६६ लाख मतं, रोहासना एक कोटीला जेमतेम कमी. २०१९ला सिनेटलाही पडले. असला हिशेब आमच्या पतसंस्थेच्या शिपायानेही केला नसता.

पतसंस्थेवरून आठवलं, आणि हे सांगणार नव्हतो. माझ्या वडिलांचं अध्यक्षपद जवळपास ठरलेलं होतं. ऐन वेळी दिवंगत संस्थापकांच्या मुलासाठी ते बाजूला झाले. ‘पुढच्या वेळी तुम्हीच,’ असं सगळ्यांनी हातात हात घेऊन सांगितलं. पुढची वेळ आली तेव्हा त्यातले निम्मे हात दुसऱ्याच्या हातात होते. वडील त्यानंतर वार्षिक सभेला कधी गेले नाहीत. सभेच्या दिवशी सकाळपासून घरातल्या पंख्याचे स्क्रू आवळत बसायचे. गावात तेव्हाही लोक म्हणायचे, ‘तात्यांनी हिशेब केला, पण चुकला.’ तुमचं वाक्य वाचताना मला तोच आवाज ऐकू आला. त्यामुळे मी चिडून लिहितोय असं वाटत असेल तर वाटू द्या. ज्याच्या घरात हे घडलं आहे त्याला त्याग आणि हिशेब यांतला फरक शिकवू नका.

राहिलेले मुद्दे. भावाची जागा: हो, दिंगोय रोहास १९९३ साली कर्करोगाने गेले आणि पोटनिवडणुकीत मार त्यांच्या जागी कापिझहून निवडून आले. मी ते लिहिलेलंच आहे. त्याआधी ते न्यूयॉर्कमध्ये बँकिंगची नोकरी करत होते, तेही लिहिलंय. अमेरिकेतल्या व्हॉर्टन बिझनेस स्कूलच्या त्यांच्या पदवीवर २०१६च्या प्रचारात दुतेर्तेंनी शंका घेतली होती, तुम्हीही ‘म्हणे व्हॉर्टन’ असं लिहिलंत. विद्यापीठाने तेव्हाच पदवी खरी असल्याचं सांगितलं आहे, जरा शोधा.

ताक्लोबान: २०१३च्या योलांदा वादळानंतर गृहमंत्री रोहास तिथल्या महापौरांना, तुम्ही रोमुआल्देस आणि राष्ट्राध्यक्ष आकिनो हे ध्यानात ठेवा, अशा अर्थाचं बोलले आणि त्याची चित्रफीत फिरली. महापौर हुकूमशहा मार्कोसची पत्नी इमेल्दा हिच्या माहेरचे, आणि मार्कोस-आकिनो वैर जुनं, त्यामुळे त्या वाक्याला सगळा इतिहास चिकटला. हा लेखाचा विषय नव्हता. लपवलं म्हणजे काय? २०१४च्या डिसेंबरात सामारमध्ये ते मोटरसायकलवरून पडले आणि हेल्मेट नव्हतं म्हणून देशभर चेष्टा झाली, तेही मी लिहिलं नाही. मग तेही लपवलं का?

बारा नावांचा मुद्दा: २००४ला सिनेटमध्ये एक कोटी नव्वद लाखांवर मतं घेऊन ते पहिले आले होते. बारा नावं निवडता येतात म्हणून ती मतं खोटी ठरत नाहीत. हा मुद्दा तुम्ही कुठून तरी उचललेला दिसतो. असो.

स्वस्त औषधांच्या २००८च्या कायद्याबद्दल, ज्यावर मी तीन परिच्छेद लिहिले आणि ज्याचा फायदा माझ्या घरमालकिणीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना झाला, तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. टीका करायची तर तिथे करायची होती, मला उत्तर द्यायला आवडलं असतं.

मतांचा आकडा दुरुस्त केला आहे. ‘भाट’ हा शब्द काढून टाकावा असं दोन मित्रांनी सुचवलं, पण तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, वेळेसकट: रात्री १ वाजून ४७ मिनिटं.