‘घरच्यासारखे’ या शब्दाबद्दल

नमस्कार,

द्राक्षबागांतल्या मजुरांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की, पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांवर घरच्यासारख्या राहतात. मी मात्र समाजशास्त्राच्या नावाखाली बागायतदार आणि आदिवासी असे दोन तट पाडले, असं तुम्ही म्हणता. आणि चार दिवस हिंडून समाज कळत नाही.

शेवटचं बोलणं मला मान्य आहे. ऑक्टोबर छाटणीत मी सकाळी नाशिकहून निघायचे आणि दिवेलागणीला परतायचे. मळ्यावरची रात्र मी पाहिलेलीच नाही. याहून मोठी चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगते. मी तिथे गेले ती मामांच्या गाडीतून, आणि मामा बागायतदार. त्या गाडीतून उतरलेल्या बाईशी मजूर मोकळेपणाने काय बोलणार? समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात अभ्यासाला राहिले, ते तिथल्या मुख्य पाटलाच्या आश्रयाने. त्यामुळे गाव आपल्याला वरच्या जातींच्या बाजूने जास्त दिसलं, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं. हे मी वाचलेलं होतं. तरीही तेच केलं.

पण ‘घरच्यासारखे’ हा शब्द मी सोडणार नाही. तो मला प्रत्येक वेळी मालकांच्या तोंडून ऐकू आला. ते खोटं बोलत नव्हते. पोर तापलं तर रात्री गाडी काढून पिंपळगावला दवाखान्यात नेतात, लग्नकार्याला उचल देतात, हे मी लेखातही लिहिलं आहे. टोळीतल्या एका बाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “शेठ चांगले आहेत. मागच्या साली दुसरीकडे होतो, तेही चांगले होते.” घराबद्दल माणूस असं बोलत नाही. तिने कामाच्या जागेबद्दल सांगितलं. त्याच बागेत मालकाचा विशीतला मुलगा साठीच्या गड्याला ‘अरे’ म्हणत होता आणि गडी त्याला ‘अहो शेठ’. मुलगा स्वभावाने गोड आहे, म्हणूनच ते नोंदवावंसं वाटलं. माणसं चांगली असूनही कोण कुणाला काय म्हणतं हे आधीच ठरलेलं असतं. ते कशाने ठरतं, एवढंच मी शोधते आहे. जमीन कुणाच्या नावावर, उचल कोण देतं, काम उक्तं घेतलं तर एकराचा दर कोण ठरवतं?

विचारल्याने तट पडतात, हे मला पटत नाही. आपल्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दारापाशी आलेल्यांनी भेद निर्माण केला नव्हता. दार त्यांच्यासाठी आधीपासून बंद होतं.

तुमची एक तक्रार मात्र मनाला लागली: बागायतदाराचं दुःख मी दोन ओळींत उरकलं. खरं आहे. गारपिटीने बाग झोपते, व्यापारी माल उचलून पैसे बुडवतो, आणि तेव्हा दर ठरवणं त्याच्याही हातात नसतं. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

एप्रिलच्या खरड छाटणीला मी पुन्हा येणार आहे, पण या वेळी आधी सुरगाण्याला जाऊन राहीन. तिथे हीच माणसं स्वतःच्या गावात असतात; तिथे ती एकमेकांना काय म्हणतात ते ऐकायचं आहे. तुमच्या मळ्यावरची टोळी कोणत्या पाड्यावरून येते, ते कळवाल का? त्यांची हरकत नसेल तर मी तिथूनच सुरुवात करीन.