दार अडलं की ‘लॉक गेलं’? फिरत्या मेसेजमधल्या सहा सल्ल्यांचा प्रतिवाद

सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर आणि मिनिटभराच्या व्हिडिओंमध्ये फ्रंट लोड वॉशिंग मशीनबद्दल एक सल्ला सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: दरवाजा उघडत नाही म्हणजे लॉक गेलं. प्लग काढून दोन मिनिटं थांबा, हमखास उघडेल. नाहीच उघडलं तर एटीएम कार्ड किंवा सुरी घालून खटका सरकवा. सुरू करताना ‘टक’ आवाज येत नसेल तर पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जळालाय. खर्च वाचवायचा असेल तर लॉकच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाका. आणि खटक्यात अधूनमधून खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा.

यातला एक सल्ला अर्धा खरा आहे, एक थेट घातक आहे आणि बाकीचे पैसे किंवा प्लास्टिक वाया घालवणारे आहेत. एकेक घेऊ.

‘दरवाजा उघडत नाही म्हणजे लॉक गेलं’

बहुतेक वेळा लॉक आपलं काम चोख करत असतं. ड्रम थांबला आहे, पाणी दाराच्या काठाच्या बरंच खाली गेलं आहे आणि आतलं पाणी पोळण्याइतकं गरम नाही, एवढ्याची खात्री झाल्यावरच मशीन दार सोडतं. यातली एक जरी गोष्ट पटली नाही तरी दार बंदच राहतं. म्हणून लॉककडे वळण्याआधी काचेतून आत बघा. पाणी दिसत असेल तर दुखणं लॉकचं नाही, निचऱ्याचं आहे. मशीनही बहुधा तेच सांगत असतं. एलजीच्या स्क्रीनवर ‘ओई’ दिसलं किंवा बॉशच्या स्क्रीनवर 18 आकड्याचा कोड आला की त्याचा अर्थ पाणी बाहेर गेलेलं नाही. दाराचे कोड वेगळे आहेत: एलजीचा ‘डीई’, बॉशचा 16. ओई दिसत असताना नवीन लॉक बसवणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून चश्म्याची फ्रेम बदलणं.

निचरा असा तपासा. प्लग काढा. गरम पाण्याचा प्रोग्राम चालू होता तर तासभर थांबा, नाहीतर हात पोळेल. पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात छोटी झाकणी असते. तिच्या आत फिल्टर आणि बऱ्याच मशीनमध्ये शेजारी बूच लावलेली बारीक नळी असते. खाली पसरट परात सरकवा, नळीचं बूच काढा आणि परात भरली की पुन्हा लावा. ड्रम भरलेला असेल तर पाच-सहा पराती निघतात. नळी नसेल तर फिल्टर डावीकडे थोडाथोडा फिरवून पाणी झिरपू द्या. एकदम काढलात तर पाणी पलंगाखालपर्यंत जाईल. आत काय सापडतं ते ठरलेलं असतं: नाणी, सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, केसांचा गुंता, लहान मुलाचा एखादा मोजा. फिल्टर बाहेर आला की बॅटरीच्या उजेडात पंपाचा पंखा बोटाने फिरवून बघा. तो गुळगुळीत न फिरता हिसके देत, अडत-अडत फिरतो. आत चुंबक असतं, त्यामुळे ते बरोबरच आहे. पंखा अजिबात न अडता गरगर फिरला तर तो दांड्यावरून तुटलेला आहे. पंप गूं-गूं करतो पण पाणी ढकलत नाही, याचं कारण बहुधा इथे सापडतं. मागचा निचऱ्याचा पाइपही बघा. मशीन भिंतीला रेटताना तो चेपतो. त्याचं तोंड बहुतेक कंपन्या जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटरवर ठेवायला सांगतात.

काचेतून पाणी दिसत नाही तरी दार सुटत नाही, हा प्रकार जास्त चकवतो. पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर वरच्या भागात असतो आणि खालच्या हवेच्या कप्प्यापासून त्याच्यापर्यंत एक बारीक रबरी नळी जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, सेन्सर तो दाब वाचतो. या कप्प्याचं किंवा नळीचं तोंड साबणाच्या चिकट गाळाने बुजलं की पाणी गेल्यावरही हवा आत अडकून राहते आणि मशीनला वाटतं, टब अजून भरलेला आहे. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्या आणि पावडर सढळ हाताने घालणाऱ्या घरांत हे बरेचदा होतं. वरचं झाकण काढून नळी सेन्सरकडून सोडवा आणि तिच्यातून तोंडाने हळू फुंका. नळी सेन्सरला लावलेली असताना फुंकू नका, आतला पडदा फाटू शकतो. फुंकल्यावर खाली बुडबुड ऐकू आली किंवा हवा मोकळी गेली तर वाट सुटली. या तोडग्याला पैसे लागत नाहीत, पण या दुखण्यापायी लॉक आणि बोर्ड दोन्ही बदलून घेतलेली मशीन कमी नाहीत.

चाइल्ड लॉकचं एवढंच: त्याने मुख्यतः बटणं बंद होतात, आणि बऱ्याच मशीनमध्ये प्लग काढूनही ते जात नाही. एलजीत ‘सीएल’ दिसतं. ज्या बटणावर कुलपाचं किंवा बाळाचं चित्र आहे ते तीन-चार सेकंद दाबून धरा.

‘प्लग काढा, दोन मिनिटांत हमखास उघडेल’

हा तो अर्धा खरा सल्ला. ‘हमखास’ हा शब्द तेवढा खोटा.

लॉक मुख्यतः दोन जातींची. पहिल्या जातीत आत तापणारी छोटी चकती असते, तिला पीटीसी म्हणतात. वीज मिळाली की ती तापते, तिच्या उष्णतेने दोन धातूंची पट्टी वाकते आणि खटका अडकवते. याला काही सेकंद लागतात, म्हणून स्टार्ट दाबल्यावर टक आवाज जरा उशिरा येतो. वीज गेली की पट्टी निवायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि मग दार सुटतं. दुसऱ्या जातीत कॉइल, म्हणजे विजेने खटका ओढणारं तारेचं वेटोळं, असते. स्टार्ट दाबताच लगेच टक होतं, आणि यातली बरीच लॉक वीज गेल्यावरही आहेत तशीच अडकलेली राहतात. सोडण्यासाठी त्यांना बोर्डाकडून पुन्हा विजेचा झटका लागतो. म्हणजे प्लग काढून दोन मिनिटं काय, दोन दिवस थांबलात तरी काही होणार नाही. अशा वेळी वीज परत देऊन फक्त ‘ड्रेन’ किंवा ‘स्पिन’ चालवायचं आणि ते संपू द्यायचं.

पहिल्या जातीत धोका उलटा आहे. चकतीला पाणी कळत नाही. ऐन धुण्यात वीज गेली आणि टब भरलेला असला तरी दोन मिनिटांनी दार सुटू शकतं. लोडशेडिंगमध्ये सवयीने हँडल ओढणाऱ्यांच्या पायांवर पाणी येतं ते यामुळे. प्लग काढल्यावरही आधी काच, मग हँडल.

एक बारकं तंत्र मात्र उपयोगी आहे. सुटण्याची वेळ आली की दार हँडलच्या बाजूने तळहाताने आत दाबून धरा. रबर दाराला बाहेर ढकलत असतं, त्यामुळे दारावरचा आकडा (हूक) खटक्यावर घासून अडतो. दाबलं की तो ताण जातो आणि टक होऊन सुटतो.

‘कार्ड किंवा सुरी घालून खटका सरकवा’

फटीत सुरी घालताना पहिलं फाटतं ते दाराचं रबर, आणि ते बदलणं लॉकपेक्षा महाग पडतं. कार्ड तर खटक्यापर्यंत पोचतच नाही. याचाच सभ्य भाऊ म्हणजे नायलॉनची दोरी दाराभोवती घालून हँडलच्या बाजूला ओढणं. दोरी चालते, पण एकाच दुखण्यात: हँडल किंवा त्याच्या आतली पट्टी तुटली असेल आणि लॉक मोकळं असेल तेव्हा. दोरी फक्त आकडा सरकवते. लॉक अडकलेलं असेल तर आकड्यासमोर अडसर असतो, मग कितीही ओढा. दाराची कडी मात्र तुटेल.

रीतसर वाट अशी आहे. काही मशीनमध्ये फिल्टरच्या झाकणीमागे रंगीत पट्टी किंवा दोरी असते. पाणी काढून झाल्यावर ती हलकेच खाली ओढायची. ती नसेल तर प्लग काढून मागचे दोन-तीन स्क्रू सोडवा, वरचं झाकण मागे सरकवून उचला. दुसऱ्या माणसाने मशीन किंचित मागे कलतं धरलं की टब मागे जातो आणि पुढच्या पत्र्यामागे हात घालायला जागा होते. लॉकच्या पाठीवरचा खटका बोटाने किंवा लांब पेचकसाने बाजूला सारा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, जाड हातमोजे घाला.

‘टक आवाज नाही म्हणजे पीसीबी जळाला’

बोर्ड हजारांत जातो, लॉक शेकड्यांत. म्हणून हा निदानाचा प्रश्न खिशाचाही आहे. बोर्डाचं नाव घेण्याआधी तीन गोष्टी बाद व्हायला हव्यात.

पहिली गोष्ट हाताने कळते. दार उघडं ठेवून त्यावरचा आकडा बोटाने दाबा, सोडल्यावर तो स्प्रिंगने परत आला पाहिजे. लोंबत असेल तर त्यातली पिन सरकली आहे. दार दोन्ही हातांनी वर-खाली हलवून बघा. बिजागरी ढिली असेल तर आकडा लॉकच्या भोकाच्या खाली आपटतो. ओल्या कपड्यांची बादली उघड्या दारावर टेकवण्याची सवय असेल तर कारण तेच. रबराच्या घडीत परकराची नाडी किंवा साडीचा काठ अडकलाय का, तेही पाहा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट पुरते.

दुसरी गोष्ट लॉक स्वतः. दार उघडं असेल तर रबराच्या पुढच्या कडेची तार काढा. तिची स्प्रिंग बहुधा खाली असते, चपट्या पेचकसाने उचलायची. लॉकच्या बाजूचं रबर आत दुमडा, लॉकचे दोन स्क्रू काढा, पण मागून लॉक धरून ठेवा, नाहीतर ते आत पडतं. वायरींचा फोटो काढून कनेक्टर सोडवा. पीटीसी जातीच्या तीन टोकांच्या लॉकमध्ये एल (लाइन) आणि एन (न्यूट्रल) या टोकांमध्ये, लॉक थंड असताना, मीटरवर साधारण काहीशे ते दीडेक हजार ओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तर चकती फुटली आहे, जवळजवळ शून्य असेल तर आत शॉर्ट आहे. इथे अनेकजण चुकतात. एल आणि सी (मशीनकडे वीज पुढे नेणारं टोक) या टोकांमध्ये मीटर काही दाखवत नाही म्हणून चांगलं लॉक फेकतात. ते टोक वीज मिळून खटका अडकल्यावरच जोडलं जातं. टेबलावर पडलेल्या लॉकमध्ये ते तुटकच दिसणार. याची दुसरी बाजू म्हणजे चकतीचं माप बरोबर आलं तरी संपर्क जळलेला असू शकतो: टक आवाज येतो, पण मशीन पुढे सरकत नाही. तेव्हा लॉकच बदलायचं.

तिसरी गोष्ट वायर. मशीन थरथरतं, वायर पत्र्याच्या कडेवर घासते आणि बाहेरून साबूत दिसूनही आत तुटते. दोन्ही टोकांना मीटर लावून वायर हलवत तपासा.

यानंतर उरतो तो बोर्ड, आणि त्याचा पुरावा एकच: स्टार्ट दाबल्यावर लॉकच्या कनेक्टरवर 230 व्होल्ट येतात का. येतात आणि टक होत नाही, तर लॉक. येत नाहीत आणि वायर शाबूत आहे, तर बोर्ड. चालू विजेवरचं हे मोजमाप कारागिरालाच करू द्या, पण त्याने ते केलं का, हे विचारायचा हक्क तुमचा आहे. कॉइलच्या लॉकला वीज क्षणभरच मिळते, साधा मीटर ती पकडत नाही. तिथे चांगलं लॉक लावून बघणं हाच सरळ मार्ग.

‘दोन वायरी जोडून टाका’

कोणत्या दोन? मेसेजमध्ये हे कधीच नसतं. तीन वायरींपैकी एल आणि एन जोडल्यात तर तो सरळ शॉर्ट आहे. नशीब असेल तर एमसीबी पडेल, नसेल तर लॉकला वीज देणारा बोर्डावरचा ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) जाईल, म्हणजे शेकड्यांचं काम हजारांवर. एल आणि सी जोडल्यात तर काही जुनी मशीन चालतात, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. 48 सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 1200 फेरे मारतो तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी 108 किलोमीटरच्या आसपास असतो. दार उघडून आत हात घालणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला तो दिसतही नाही, नुसती चकाकी दिसते. वॉशिंग मशीनच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी 60335-2-7, दाराचं हे लॉक बंधनकारक करतं ते यासाठी. शिवाय बऱ्याच मशीनमध्ये हीटरचा भार याच संपर्कातून जातो. 2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो. दमट पत्र्यामागे पिळून टेप गुंडाळलेला जोड एवढा प्रवाह किती दिवस सोसेल? आणि नव्या मशीनचा बोर्ड लॉक करण्याचा हुकूम देण्याआधीच संपर्क जोडलेला दिसला, तर दाराचा कोड दाखवून थांबतो. म्हणजे तिथे जुगाड चालतच नाही.

ही कल्पना आली असावी सेमी ऑटोमॅटिकमधून. तिथे स्पिनरच्या झाकणाखालचा स्विच थेट मोटरच्या वाटेत असतो आणि तो बांधून ठेवणारे जुने उस्ताद आहेत. तिथेही ते तितकंच चुकीचं आहे.

‘खटक्यात तेल सोडा’

नको. लॉकच्या आत उघडे संपर्क आणि तापणारी चकती आहे. तेलावर कपड्यांचे तंतू चिकटतात, त्याचा काळा चिकटा होतो आणि खटका पूर्वीपेक्षा जास्त अडतो. गंज सोडवणारे स्प्रे तर काही प्लास्टिकला तडे पाडतात. लॉकच्या भोकाशी पांढरा थर दिसला तर तो पावडरचा आणि क्षारांचा असतो. प्लग काढून ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने आकडा आणि भोकाची बाहेरची कड पुसायची, मग कोरड्या फडक्याने. भोकाच्या आत काही घालायचं नाही, कानकाडीसुद्धा नाही. तिचा कापूस आत सुटतो, आणि मग लॉक खरोखरच अडतं.