माझ्या नावावर शूटिंग नको

शाळेच्या जुन्या ग्रुपवर सध्या जुंपली आहे. बेळगावात एका हौशी एकांकिकेआधी संयोजकांनी दोनदा सांगितलं, मोबाईल बंद ठेवा, शूटिंग करू नका. तरी पडदा उघडल्या उघडल्या पुढच्या रांगांतले हात वर. स्वयंसेवक पोराने एका काकांना मोबाईल खाली घ्यायला लावला, तर काका भडकले. तिकीट काढलंय, नातू स्टेजवर आहे, तू कोण सांगणार? इथवर समजू शकतो. पण त्यांची बाजू घेत एकाने लिहिलं, "परदेशात गेलेल्यांना बघायला कसं मिळणार मग?"

म्हणजे मी. माझ्या नावावर हे खपवू नका.

मी जर्मनीत एसेनला राहतो. २०१३ साली इथल्या पियानो महोत्सवात क्रिस्तियान झिमरमन या पोलिश पियानोवादकाला वाजवताना बाल्कनीत एकजण मोबाईलवर शूटिंग करताना दिसला. त्याने आधी सांगून पाहिलं, मग सरळ उठून आत गेला. परत येऊन म्हणाला, यूट्यूबवर आधीच आहे म्हणून माझी रेकॉर्डिंगची कामं गेली आहेत. पोराच्या शाळेतल्या नाटकात दुसऱ्याचं मूल तुमच्या फोटोत आलं आणि तो तुम्ही कुठे टाकलात, तर त्याच्या आईची मेल येते. तिच्या पाठीशी १९०७ चा जर्मन कायदा असतो, ज्याचा फोटो त्याची परवानगी हवी असं सांगणारा. (बुंडेसलिगाच्या फुटबॉल सामन्याला हीच आई मोबाईल उंच धरून उभी असते, ते जाऊ दे.)

आपल्याकडे सुबोध भावेंनी २०१९ मध्ये, मोबाईल वाजत राहिले तर नाटकात काम करणं थांबवीन, असं जाहीर लिहिलं. तेव्हा याच ग्रुपवर सगळ्यांनी लाइकचे अंगठे टाकले होते.

आमच्यातल्या वकिलाने आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ टाकलंय, स्वतःपुरतं रेकॉर्डिंग चालतं म्हणे. खरंय. पण त्याच कायद्यात, कलम ३८ मध्ये, कलाकाराचा हक्कही १९९४ च्या दुरुस्तीपासून आहे. आणि स्वतःपुरतं म्हणजे घरी बसून स्वतः बघणं. नाटक चालू असतानाच तीन ग्रुपवर ढकलणं नव्हे. शिवाय कायदा सोडा, मागच्या माणसाचं काय? स्टेजवर अंधार, एक पणती, पोरगी वाक्याआधी श्वास घेऊन थांबलेली, आणि समोर मोबाईलचे आठ-दहा पडदे लख्ख! पणतीकडे कोण बघणार?

एका मुद्द्यावर मात्र मला चटकन उत्तर सुचत नाही. मैत्रिणीने लिहिलं, "सीमाभागात मराठी नाटक होतं हे कुणाला दिसणार? तू पुण्याचा असतास तर हे बोलणं शोभलं असतं." कडोली, येळ्ळूर, उचगावच्या संमेलनांतली भाषणं खुशाल शूट करा, वक्त्यालाही तेच हवं असतं. पण नाटक? तिला काय सांगू? बेळगावात मराठी पाटीसाठी भांडायला मी नाही. तिथे राहून दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारी ती. मी इथे जर्मन नागरिकत्वाचा अर्ज भरून बसलोय.

आणि त्या काकांची क्लिप मी पाहिली. अर्ध्या पडद्यावर कुणाचं तरी डोकं, नातू ओळखूसुद्धा येत नाही. पण मध्येच मागून आवाज येतो, "ए, मोबाईल खाली घे की रे, काय बी दिसना झालंय!" तेवढा तुकडा मी परत परत लावला. इथे कुणी असं ओरडत नाही. फार तर घसा खाकरतात.

तरीही माझं म्हणणं तेच. रंगीत तालमीला तिवईवर एक बरा कॅमेरा लावा, कलाकारांना विचारून पूर्ण नाटक घ्या, प्रयोगाला मोबाईल खिशात, आणि शेवटी सगळे ओळीत उभे राहिले की काढा किती काढायचे ते फोटो. कॅमेऱ्याचा खर्च मी देतो. हे ग्रुपवर टाकलं तर म्हणतील, आला बघा युरोवाला. म्हणू देत. टाकतोय.