सूर्य चौथ्या दिवशी, मग आधीचे तास मोजले कोणी?

परवा माझ्या मावशीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे. देवाने ती चोवीस तासांच्या सहा दिवसांत घडवली. दोन हजार वर्षं सगळे ख्रिस्ती हेच मानत आलेत. पुरुषाला एक बरगडी कमी असते, हे डॉक्टरही कबूल करतात. जो मानत नाही तो ख्रिस्ती नाही.' खाली अर्थातच, दहा जणांना पाठवा. मी नेहमीसारखा सोडून दिला असता. पण भाचीला पुढे भूशास्त्र घ्यायचंय, आणि तिने रात्री विचारलं, "मामा, मग मी हे शिकायचं नाही का?"

बरगडीचं आधी उरकतो. बाई असो की पुरुष, साधारणपणे बारा जोड्या. आणि समजा देवाने पहिला पुरुष आदाम याची एक काढून हव्वेला घडवलं, तरी बापाचं बोट तुटलं म्हणून पोर नऊ बोटांचं जन्मत नाही. बरगडीसाठीचा तिथला मूळ हिब्रू शब्द तर बायबलमध्ये इतरत्र कराराच्या कोशाच्या, म्हणजे दहा आज्ञांच्या पवित्र पेटीच्या, 'बाजू'साठीही येतो.

आता ते 'सगळे ख्रिस्ती'. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारलं होतं, सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ झाली असं कुठला शहाणा माणूस मानेल? उत्पत्तीत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकात, सूर्य चौथ्या दिवशी येतो, हे मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलं दिसत नाही. मग उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर मोठा ग्रंथ लिहिला. ग्रंथाचं नावच तसं, आणि तरी निष्कर्ष असा की देवाने सगळं एकदमच निर्माण केलं, ते सहा दिवस आपले सूर्योदय-सूर्यास्ताचे दिवस नव्हेत. त्याच ग्रंथात तो चिडून म्हणतो, की आकाश, तारे, प्राणी यांबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलला तर बाहेरचे हसतात, आणि मग पुनरुत्थानाबद्दल ते आपलं का ऐकतील? सोळाशे वर्षांपूर्वी! मावशीच्या मेसेजला याहून नेमकं उत्तर मला सुचलं नसतं.

बरं, एवढं कबूल करतो की चौथ्या शतकातला बिशप बेसिल साधेच दिवस धरायचा, पुढे धर्मसुधारक ल्यूथरनेही ऑगस्टीनला बाजूला सारून सहा दिवस सरळ घेतले. मानवजातीचं वय तर ऑगस्टीनही सहा हजारांच्या आतच मानायचा. म्हणजे ते मत जुनं आहे. पण ते न मानणाऱ्याला मंडळीबाहेर काढायचं, तर ऑगस्टीनपासून सुरुवात करावी लागेल.

सहा हजार वर्षं? बायबलमधल्या वंशावळींतली वयं जोडून आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने १६५० मध्ये इसवी सनपूर्व ४००४ हे साल काढलं. पुढे ते इंग्रजी बायबलांच्या समासात छापलं गेलं. समासात, वचनात नव्हे.

शिवाय उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात झाडं, पशू, मग माणूस; दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग पशू. लिहिणाऱ्याला हा फरक दिसला नसेल? पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, तेही इथे जवळच, केडगावला. आपल्याला दोन अध्याय वाचायला होत नाही.

भाचीला सांगितलंय, रविवारी उपासना झाली की पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत जाऊ. तिथला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. मावशी, गुडघे बरे असतील तर तूही चल.