मीठ आधी, वाळवणे नंतर

अलास्कातील काळ्या अस्वलाच्या कातड्याचा गालिचा करण्याविषयीच्या एका लेखात कातडे सोलताच उन्हात पसरण्याचा सल्ला दिला आहे, तो मला पटला नाही. अस्वलाच्या कातड्याला आतून चरबीचा जाड थर चिकटलेला असतो आणि तो सुरीने नीट खरवडल्याशिवाय मीठ मुरत नाही. मीठ मुरले नाही, की जिवाणू केसांच्या मुळांशी पोहोचतात आणि कातडे कमावताना केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात येतात. सर्वांत आधी बिघडतात ते कान, ओठ आणि पंजे. कान आतून उलटवून, ओठ चिरून आणि बोटे शेवटच्या पेरापर्यंत सोडवून (नखे मात्र कातड्यालाच राहू द्यावीत) तिथे बारीक मीठ हाताने चोळावे लागते. दुसऱ्या दिवशी ओले मीठ झटकून नवे लावावे आणि कातडे सावलीतच निथळू द्यावे.