मेल न उघडताही घात होऊ शकतो

‘अटॅचमेंट उघडू नका, लिंक दाबू नका, अनोळखी मेल न वाचता उडवा. मेल म्हणजे नुसता मजकूर, तो काय करणार? एवढं पाळलं की शंभर टक्के सुरक्षित, अपडेटच्या मागे धावायला नको.’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. पहिले दोन सल्ले जरूर पाळा. भांडण आहे ते बाकीच्याशी.

‘नुसता मजकूर’ तुमच्याआधी प्रोग्रॅम वाचतो: कुणाचा, कधीचा, कशाबद्दल. त्यासाठी मेमरीत ठराविक जागा राखलेली असते. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मजकूर तिथे मावतो का, हे तपासणं कोड लिहिणाऱ्याचं काम. तो विसरला की जास्तीचा मजकूर शेजारच्या मेमरीवर सांडतो. काम संपल्यावर प्रोग्रॅमने कुठे परतायचं, तो पत्ता शेजारीच असला तर मेल पाठवणारा तो बदलून आपला कोड चालवू शकतो. हाच बफर ओव्हरफ्लो.

‘न वाचता उडवा’? जुलै २००० मध्ये आउटलुक एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅममध्ये अशी चूक सापडली, तीही कुठे, तर तारखेच्या ओळीत! तिथे वेळेच्या जागी लांबलचक मजकूर कोंबला की मेल सर्व्हरवरून उतरतानाच घात व्हायचा. म्हणजे उडवणं हे वरातीमागून घोडं.

अटॅचमेंटचंही तेच. २००३ मध्ये सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या सर्व्हरमधली चूक पत्त्यांच्या ओळी वाचणाऱ्या कोडमध्ये होती. अटॅचमेंट नाही, क्लिक करायला माणूसही नाही. वाटेतले दुसरे सर्व्हर असा मेल निमूट पुढे ढकलत. २०१८ मध्ये एक्झिम या दुसऱ्या मेल सर्व्हरमध्ये बेस६४ (कुठलाही डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) उलगडताना जागेचा हिशेब चुकला, तो एका बाइटने. तेवढ्यावरून सर्व्हर ताब्यात घेता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिलं.

‘हे सगळं जुनं’ म्हणाल, तर अंशतः मान्य. आता मेमरीतल्या जागा दर वेळी बदलतात, प्रोग्रॅमला कुंपण असतं. हल्ला खूप अवघड झालाय. तरी २०२० मध्ये आयफोनच्या मेल ॲपमध्ये ओव्हरफ्लो निघालाच. ग्राहकांवर वापर झाल्याचा पुरावा नाही आणि निव्वळ या चुकांनी फोनची सुरक्षा भेदता येत नाही, असं ॲपलने सांगितलं. पण दुरुस्ती दिली.

राहिलं अपडेट. वरच्या चारही वेळा इलाज तोच होता. आउटलुक एक्स्प्रेसच्या वेळी तर मेल सुरक्षित करायला मायक्रोसॉफ्टने ब्राउझरची, म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोररची, नवी आवृत्ती टाकायला सांगितली होती. सदोष फाइल त्याच्यासोबतच यायची.